बीफ, हरीण आणि आपला बोकड: मांसाचं पोषण ताडून कसं पाहायचं

तालीम नाहीतर जिम सुरू झाली, किंवा रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी आलं, की माणूस मोबाईल उघडतो: कुठलं मांस अंगाला सगळ्यात चांगलं? समोर येतात ते तक्ते बहुतेक परदेशातले. एका बाजूला बीफ, दुसऱ्या बाजूला हरीण, आणि खाली निकाल लावून मोकळे: हरीण भारी. हे सांगलीत किंवा साताऱ्यात बसून वाचणाऱ्यानं करायचं काय? रविवारी सकाळी पिशवी घेऊन जायचं ते खाटकाकडं, आणि तिथं टांगलेला असतो बोकड.

तरीपण तो तक्ता टाकून देऊ नका. तो नीट वाचता आला की आपल्या ताटातलं बरंच काही कळतं. शिवाय त्यात हरणाचं जे कौतुक असतं, त्यातलं बहुतेक आपल्या बोकडालाही लागू पडतं.

आधी कायद्याचं उरकून घेऊ

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यानं बंदी होतीच. २०१५ मध्ये तीत बैल आणि वळूही आले. म्हैसवर्गाला ही सरसकट बंदी नाही, तिथं कत्तलीआधी दाखला लागतो. परदेशी तक्त्यात ‘बीफ’ असतं ते गाय-बैलाचं. भारतातून निर्यात होतं ते म्हशीचं. दोन्हींचे आकडे वेगळे आहेत, ते पुढं येतीलच.

हरणाचा विषय त्याहून सोपा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार तर गुन्हा आहेच, पण मांस विकत घेणं आणि जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि त्याला तुरुंगवास आहे. देवराष्ट्रे गावाजवळच्या सागरेश्वर अभयारण्यातली सांबरं-चितळं कुंपणाबाहेर येऊन उसात, मक्यात शिरतात, शेतकरी वैतागतात, ते सगळं खरं. म्हणून कुणी ती खावीत असं होत नाही. शिराळा, पाटण, जावळीकडं चांदोली-कोयनेच्या रानाला लागून असलेल्या गावात ‘भेकराचं आहे, घेणार का?’ असं कुणी हळूच विचारलं तर सरळ नाही म्हणा. वर, तपासणी न झालेलं, कधी मारलंय ते माहीत नसलेलं मांस. ते पोषणाच्या नावाखाली घरात आणण्यासारखं नाहीच.

परदेशात मिळतं ते हरीण बरंचसं पाळलेलं असतं; न्यूझीलंडमध्ये हरणांची रीतसर शेती होते. तुमचा मुलगा तिकडं शिकायला गेला असेल आणि दुकानात ते दिसलं म्हणून विचारत असेल, तर पुढचे आकडे त्याच्याही कामाचे.

तक्ता वाचण्याआधी तीन प्रश्न

तक्ता कुठलाही असो, आधी हे विचारा.

मांस कच्चं की शिजलेलं? बोकडाच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण २०.६ ग्रॅम प्रथिनं असतात. तेच भाजलेल्या मांसाच्या १०० ग्रॅममध्ये २७ ग्रॅम दिसतात. शिजवून प्रथिनं वाढली नाहीत, पाणी गेलं. मांसाचं वजन शिजताना जवळजवळ पाव हिस्सा कमी होतं. इंटरनेटवर एका जनावराचा कच्चा आकडा आणि दुसऱ्याचा भाजलेला आकडा शेजारी लावून निकाल देणारे बहाद्दर कमी नाहीत. भाजलेल्या हरणात ३० ग्रॅम आणि कच्च्या बीफमध्ये २१ ग्रॅम असं दिसलं की समजायचं, इथं गडबड आहे.

कुठला भाग? हा प्रश्न जनावरापेक्षा महत्त्वाचा आहे. अमेरिकेत बीफच्या खिम्यावर ८०/२० किंवा ९५/५ असं लिहिलेलं असतं: पहिला आकडा मांसाचा, दुसरा चरबीचा. ८०/२० च्या १०० ग्रॅममध्ये २५४ कॅलरी, १७ ग्रॅम प्रथिनं, २० ग्रॅम चरबी. ९५/५ मध्ये १३५ च्या आसपास कॅलरी, २१ ग्रॅम प्रथिनं, ५ ग्रॅम चरबी. जनावर एकच, चरबीत चौपट फरक. ‘बीफपेक्षा हरीण चांगलं’ म्हणणारे बहुतेक वेळा चरबीवाल्या खिम्याची तुलना हरणाच्या निव्वळ मांसाशी करतात. हरीण जिंकणारच की!

तिसरा प्रश्न आपल्यासाठी खास. त्या तक्त्यातलं मटण कशाचं? तिकडं ते मेंढीचं, आपल्याकडं बहुतेक बोकडाचं. मेंढीच्या खिम्यात २३ ग्रॅमपर्यंत चरबी दाखवलेली असते आणि ती वाचून इथला माणूस बोकड सोडतो. आपल्याकडं मेंढी खातात ते बहुतेक ‘बोलाई’ची पाटी असलेल्या दुकानातून आणतात, जत, आटपाडी, माण या भागात तर मेंढी घरचीच. ज्याला चरबी मोजायची आहे त्यानं दुकानात बोकड की बोलाई हे विचारून घ्यावं.

आता आकडे

सगळे १०० ग्रॅम कच्च्या, हाड काढलेल्या मांसाचे आहेत आणि अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांच्या धर्तीवरचे. जनावर, वय, चारा बदलला की थोडं इकडं-तिकडं होणार.

हरीण: १२० कॅलरी, २३ ग्रॅम प्रथिनं, २.४ ग्रॅम चरबी, ३.४ मिलीग्रॅम लोह.

बोकड: १०९ कॅलरी, २०.६ ग्रॅम प्रथिनं, २.३ ग्रॅम चरबी, २.८ मिलीग्रॅम लोह.

म्हैस: ९९ कॅलरी, २०.४ ग्रॅम प्रथिनं, १.४ ग्रॅम चरबी, १.६ मिलीग्रॅम लोह.

बीफ, ८०/२० खिमा: २५४ कॅलरी, १७ ग्रॅम प्रथिनं, २० ग्रॅम चरबी, १.९ मिलीग्रॅम लोह.

कोंबडीची छाती, कातडी काढून: १२० कॅलरी, २२.५ ग्रॅम प्रथिनं, २.६ ग्रॅम चरबी, ०.४ मिलीग्रॅम लोह.

हरीण आणि बोकड यांच्या ओळी एकमेकींशेजारी ठेवून बघा. प्रथिनांत दोन-अडीच ग्रॅमचा फरक, चरबी जवळपास सारखी, लोहात हरीण थोडं पुढं. ज्या गुणांसाठी परदेशातले लोक हरणाला जास्त पैसे मोजतात ते आपल्या पेठेत रोज टांगलेले असतात. कारण सरळ आहे: हरीण रानात हिंडतं, शेळ्या माळावर हिंडतात, आणि शेळीच्या जातीत चरबी मांसाच्या आत कमी, पोटाभोवती नि गुर्द्यांभोवती जास्त साठते. म्हणजे ती सुरीनं वेगळी काढता येते. बीफच्या तुकड्यात ती मांसाच्या धाग्यांत शिरलेली असते, तिथं सुरी चालत नाही.

कोलेस्टेरॉलचं मात्र उलटं आहे. कच्च्या हरणात ८५ मिलीग्रॅमच्या आसपास, बोकडात ५७, आणि कमी चरबीच्या बीफमध्ये साधारण ६०-६५. चरबी कमी म्हणजे कोलेस्टेरॉलही कमी, असं गृहीत धरणाऱ्यांनी इथं थांबावं. कोलेस्टेरॉल पेशींच्या आवरणात असतं, ते कोरड्या मांसातही असतंच. रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर खाण्यातल्या संपृक्त चरबीचा परिणाम त्याहून जास्त होतो. संपृक्त म्हणजे जी थंडीत गोठते ती.

एक किलो मटण, पाच माणसं

आकडे १०० ग्रॅमचे असतात आणि आपण आणतो किलोनं, तेही हाडासकट. म्हणून एकदा हिशेब घालून ठेवा.

एक किलो मटणात साधारण पाव किलो हाड धरा. नळ्या आणि चाप जास्त घातले असतील तर थोडं अधिक. उरलं ७५० ग्रॅम मांस. त्यात प्रथिनं दीडशे ग्रॅमच्या थोडी वर, कॅलरी आठशेच्या थोड्या वर. घरात पाच जण असतील तर माणशी ३० ग्रॅम प्रथिनं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. म्हणजे एका जेवणात निम्म्याहून जास्त झालं. बाकीचं भाकरी, आमटी, दूध, अंडं भागवतं. तालमीत नव्यानं जाणाऱ्या पोरानं अर्धा किलो एकट्यानं खाऊन अंग लवकर भरत नाही. हिशेब फक्त खिशाचा बिघडतो.

ही वाटणी घरात समान होते का, हा निराळा विषय. रश्शातले तुकडे कर्त्या माणसांच्या ताटात आणि बाईच्या वाट्याला रस्सा-भाकरी, असं अजून बऱ्याच घरी चालतं. लोहाची गरज मात्र तिलाच जास्त असते.

खरी तुलना पातेल्यात होते

इथं मात्र थोडं थांबून वाचा, कारण जनावरांची सगळी तुलना या पायरीवर फिरते.

आपल्याकडचा रस्सा कसा होतो? कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर, भाजलेलं सुकं खोबरं, थोडे तीळ, आणि घरची चटणी. आधी मटण हळद-मिठात वाफवून अळणी काढायची, मग तेलात वाटण परतायचं, तेल सुटेपर्यंत. एक किलोला अर्धी वाटी तेल म्हणजे १०० मिलीलिटरच्या आसपास. अर्धी वाटी खोबरं किसून घेतलं तर ५० ग्रॅम धरू.

आता मोजा. ७५० ग्रॅम बोकडाच्या मांसात स्वतःची चरबी सुमारे १७ ग्रॅम. १०० मिलीलिटर तेलात ९२ ग्रॅम. तेलाच्या कॅलरी आठशेच्या वर, म्हणजे सगळ्या मटणाएवढ्या! सुक्या खोबऱ्यात जवळजवळ दोन तृतीयांश चरबीच. ५० ग्रॅममध्ये ३२ ग्रॅम, त्यातली २८ ग्रॅम संपृक्त. सगळ्या बोकडाच्या मांसातली संपृक्त चरबी मिळून पाच-साडेपाच ग्रॅम. हृदयासाठी म्हणून मटण सोडायचं आणि खोबऱ्याच्या वाटणातली वांग्याची भाजी ओरपायची, यात काय साधलं?

परदेशातही हेच होतं. हरणाचं मांस कोरडं पडतं, जास्त शिजवलं की वातड होतं, म्हणून त्याच्या खिम्यात डुकराची किंवा बैलाची चरबी मिसळतात. तक्त्यात २.४ ग्रॅम वाचलेल्या माणसाच्या ताटात प्रत्यक्षात कितीतरी जास्त येते.

मी खोबरं बंद करा म्हणत नाही. खोबऱ्याशिवाय साताऱ्याचा रस्सा म्हणजे निव्वळ तिखट पाणी. पण नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं एवढं करून बघावं: तेल निम्म्यावर आणा, वाटणाला दाटपणा कांद्यानं आणि थोड्या भाजलेल्या डाळ्यानं द्या, कुकरच्या तीन शिट्ट्यांऐवजी जाड बुडाच्या पातेल्यावर पाण्याचं झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. मांसाचं स्वतःचं पाणी सुटतं, त्यात ते मऊ होतं, तेल कमी लागतं. आणि वर आलेला तवंग? पाहुण्यांपुढं तवंग नसलेला रस्सा ठेवायला घरातलं कुणी तयार होणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा वाढताना पळी खालून घाला, एवढं तरी करा. उरलेला रस्सा फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी वर पांढरट थर धरतो. गरम करायच्या आधी तो चमच्यानं काढता येतो.

लहान मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला अळणीच द्यावी. चव आहे, पाणी आहे, तेल नाही. फक्त तिच्याबरोबर चार तुकडेही द्या. नुसत्या पाण्यात प्रथिनं फार उतरत नाहीत. पायाच्या रश्शाचंही तेच. हाड मोडलं की पाया पाजतात, आणि त्यानं कॅल्शियम भरून निघतं असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही. उतरतं ते जिलेटिन. ते प्रथिन खरं, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं. पाया चवीसाठी प्या, कॅल्शियमसाठी दूध आणि नाचणी आहे.

लोहासाठी मटण खायचं असेल तर

हिमोग्लोबिन कमी असणाऱ्यांसाठी लाल मांस आणि कोंबडी यांत मोठा फरक आहे. पाच जणांच्या हिशेबानं वाट्याला आलेल्या १५० ग्रॅम बोकडात ४ मिलीग्रॅमच्या वर लोह येतं. तेवढ्याच कोंबडीच्या छातीत अर्धा मिलीग्रॅम. कोंबडीच्या तंगडीत छातीपेक्षा जास्त असतं, तरी बोकडाची सर येत नाही. प्रथिनांसाठी चिकन पुरतं. लोहासाठी नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये बाईसाठी दिवसाला २९ मिलीग्रॅम आणि पुरुषासाठी १९ मिलीग्रॅम लोह सांगितलंय. हा आकडा मोठा दिसतो, कारण आपल्या जेवणातलं बहुतेक लोह धान्य-डाळी-पालेभाज्यांतलं, आणि त्यातलं थोडंच अंगी लागतं. मांसातलं लोह त्याहून चांगलं शोषलं जातं, आणि गंमत म्हणजे त्याच जेवणातल्या ज्वारी-बाजरीतलं लोहही मांसामुळं जास्त शोषलं जातं. वर लिंबू पिळलं तर आणखी बरं. जेवण झाल्याझाल्या चहा मात्र नको. चहा लोह अडवतो. तासभर थांबा.

कलेजी या बाबतीत सगळ्यांच्या पुढं. मेंढीच्या १०० ग्रॅम कच्च्या कलेजीत सातच्या वर मिलीग्रॅम लोह असतं, बी-१२ तर भरपूर. पण तिच्यात जीवनसत्त्व अ इतकं असतं की १०० ग्रॅममध्येच मोठ्या माणसाची दिवसाची वरची मर्यादा दुपटीनं ओलांडते. आठवड्यातून एकदा चार-सहा तुकडे ठीक. गरोदर बाईला ‘रक्त वाढतं’ म्हणून रोज कलेजी खाऊ घालू नका. तिला डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या द्या.

बी-१२ साठी यांतलं कुठलंही लाल मांस चालतं. दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं आणि ते शाकाहारात दूध-दह्याखेरीज फारसं मिळत नाही. बोकडाच्या दीडशे ग्रॅममध्ये दीड मायक्रोग्रॅमच्या वर मिळतं.

दुकानात काय सांगायचं

नुसतं ‘अर्धा किलो द्या’ म्हटलं की खाटीक सगळीकडचं थोडं थोडं टाकतो: मांडी, गर्दन, सीना, चाप, एखादी नळी. रश्शाला ते चांगलंच, कारण हाडानं चव येते. चरबी कमी हवी असेल तर ‘मागच्या मांडीचं द्या, चरबी काढून’ असं आधी सांगा. सत्तूर चालायला लागल्यावर सांगून उपयोग नाही. सीना आणि चाप यांच्यावर चरबीचे पट्टे असतात. काही गिऱ्हाइकं उलट ‘जरा चरबी टाका’ म्हणतात, रश्श्याला तर्री यावी म्हणून. रांगेत तुमच्या पुढचा तसं म्हणाला तर तुम्हीही म्हणायला हवं असं नाही.

खिमा घ्यायचा तर तुकडा आधी बघून तो समोर करून घ्या. तयार खिम्यात किती चरबी गेली ते डोळ्यांना दिसत नाही, आणि आपल्याकडं ८०/२० असं लिहून कुणी विकत नाही.

बोकड कोवळा की जून हे हाडावरून आणि मांसाच्या रंगावरून कळतं. कोवळ्याचं मांस फिकट गुलाबी, हाड बारीक. जून झालेल्याचं गडद, धागा जाड. खच्ची केलेल्या बोकडाला वास कमी असतो म्हणून गिऱ्हाईक तोच मागतं, पण त्याच्या अंगावर चरबीही जास्त धरते. वरची चरबी पिवळसर किंवा चिकट लागली, मांसाला ओला वास आला, तर दुसऱ्या दुकानात जा.

किती आणि कुणी जपून

बोकड कमी चरबीचा असला तरी लाल मांसच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस त्याच्याही वरच्या गटात. हरीण, बीफ, बोकड, मेंढी, म्हैस सगळी त्यात आली. आंतरराष्ट्रीय पातळीवरचा सल्ला आठवड्याला शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅम एवढ्यावर थांबायचा. आपल्यातले बहुतेक जण वर्षभर त्याच्या खाली असतात. आखाडात आणि गावजत्रेच्या आठवड्यात मात्र तीन घरची आमंत्रणं लागोपाठ येतात आणि हिशेब कोलमडतो. तेव्हा पुढच्या आठवड्यात मटकीवर या.

युरिक ॲसिड वाढलेलं असेल, पायाचा अंगठा सुजत असेल, तर कलेजी, गुर्दा, भेजा बंद आणि मटणाचं प्रमाण डॉक्टर सांगतील तेवढंच. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यानं तर प्रथिनांचा कुठलाच तक्ता स्वतःहून लावू नये. ज्याचं हिमोग्लोबिन वारंवार खाली येतं त्यानं मटण वाढवण्याआधी जंत, मूळव्याध, पाळीतला जास्त रक्तस्राव यांतलं काही आहे का ते तपासून घ्यावं. रक्त कुठून जातंय ते सापडल्याशिवाय बोकड कितीही खाल्ला तरी आकडा वर येत नाही.